पदवीनंतरची वाट : संशोधन की कारखाना?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपणांपैकी बहुतेकांच्या चुली पिंपरी, भोसरी, आकुर्डी व चाकण येथील कारखान्यांच्या आधारावर पेटल्या आहेत. म्हणून घरातील एम.एस्सी. अथवा एम.टेक. झालेले अपत्य "मला पीएच.डी. करावयाची आहे" असे म्हणू लागले, की आईबापांचा जीव खालीवर होतो. दाराशी आलेली नोकरी सोडून आणखी पाच वर्षे विद्यार्थीच राहावयाचे काय, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. परंतु मुले शिकविण्यात आमची हयात गेली, त्या आधारावर चार शब्द बोलतो.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, कारखाना आणि संशोधन यांचे वैर नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तेथे पेनिसिलिन तयार होई, तसेच संशोधनही चाले. डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी तेथेच हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरील औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! आपल्या पिंपरीचे नाव शास्त्रग्रंथांत गेले ते एका कारखान्याच्या आवारातून.

मग निवड कशी करावी? पहिली कसोटी अशी : मुलाच्या मनात खरोखर एखादा प्रश्न घर करून बसला आहे काय? नावापुढे 'डॉक्टर' लागावे, अथवा नोकरी मिळेना म्हणून दिवस काढावेत, एवढ्यासाठी या वाटेस जाऊ नये. दुसरी कसोटी घरच्या हिशेबाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.स किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. शिष्यवृत्ती नसेल आणि डोक्यावर घराचे कर्ज असेल, तर आधी नोकरी धरण्यात कमीपणा नाही. तिसरी कसोटी मार्गदर्शकाची. त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांस किती वर्षे लागली, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

मधला मार्गही आहे. नोकरी देणाऱ्याचे ना-हरकत पत्र असल्यास अर्धवेळ पीएच.डी. करण्यास हेच नियम मुभा देतात. चाकणच्या यंत्रावर काम करताना सुचलेला प्रश्न पुढे विद्यापीठात नेता येतो. मात्र पाळी करून घरी आलेल्यास रात्री दोन तास शांतता देणे, हे घरच्यांचे काम.

आता एक विनंती. आपल्या वधूवर नोंदणीत "पर्मनंट आहे काय?" हा प्रश्न पहिला येतो आणि संशोधन करणारा मुलगा मागे पडतो. मुलीला तर "वय निघून चालले" म्हणून मध्येच थांबविले जाते. वास्तविक नियमांनी स्त्रियांस दोन वर्षे अधिक दिली आहेत; आपण तेवढीही देऊ नयेत काय? नोंदवहीत संशोधन हा व्यवसाय म्हणूनच लिहिला जावा, असा ठराव मंडळाने करावा, ही आमची नम्र सूचना आहे.

निर्णय मुलांनी घ्यावा, हिशेब वडिलांनी मांडावा आणि धीर ज्ञातीने द्यावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.