वैद्यकीय प्रवेशाची प्रतीक्षा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेच. सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेले. वैद्यकशास्त्राविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्या शास्त्राच्या दाराशी तिष्ठत उभी असलेली मुले आणि त्यांच्या मागे उभे असलेले आईबाप आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्या तिष्ठण्याविषयीच आज बोलावे असे मनात आहे.

सुईदोऱ्यावर प्रपंच चालविणारा आपला समाज. दिवसभर यंत्राचे पाय मारून रात्री कंदिलाखाली काजे-बटणे करणाऱ्या वडिलांनी आपणांस शिकविले. अशा घरातील मूल डॉक्टर व्हावे, कापडास टाके घालणाऱ्याच्या नातवाने माणसाच्या जखमेस टाके घालावे, यासारखी दुसरी अभिमानाची गोष्ट नाही. या इच्छेस आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र इच्छा जितकी मोठी, तितकी तिच्या पूर्तीची वाट पाहणे कठीण, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आमच्या उमेदीच्या काळात ही प्रतीक्षा निराळ्या प्रकारची होती. बारावीच्या गुणांवर प्रवेश ठरत असे. अर्ज टपालाने जाई आणि मुलाखतीचे बोलावणे टपालानेच येई. ‘मुलाखत’ असे म्हणत, परंतु प्रश्नोत्तरे फारशी नसत. गुणानुक्रमे नावे पुकारली जात, मूळ प्रमाणपत्रे तपासली जात आणि उरलेल्या जागांतून निवड करावयाची असे. गावात पोस्टमन दिसला की आई ओट्यावर येई. त्याने मान हलविली की ती काही न बोलता आत जाई. हे दृश्य आम्ही शेजारच्या एका घरी सबंध आषाढभर पाहिले आहे. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि आज तालुक्याच्या गावी रुग्णसेवा करीत आहे.

आता पोस्टमनची जागा हातातील फोनने घेतली आहे. पोस्टमन दिवसातून एकदाच येई. फोन मात्र चोवीस तास उशाशी असतो. त्यामुळे प्रतीक्षेला रात्रही उरलेली नाही.

आजची रीत काय आहे, हे सर्वांस ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर ‘नीट’ ही परीक्षा ग्राह्य धरली जाते. एकूण गुण ७२०; बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. २०२५ साली परीक्षा ४ मे रोजी झाली आणि निकाल १४ जून रोजी लागला. म्हणजे पहिली प्रतीक्षा सुमारे सहा आठवड्यांची. परंतु निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असे नव्हे. त्या वर्षी बावीस लाखांहून अधिक मुले परीक्षेस बसली आणि बारा लाखांहून अधिक पात्र ठरली. एम.बी.बी.एस.च्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत केवढे अंतर आहे, ते या आकड्यांवरून समजावे. ‘आमची मुलगी नीट पास झाली’ म्हणून पेढे वाटणाऱ्या घरास पुढच्या चार महिन्यांची कल्पना नसते.

पुढे राज्याची गुणवत्ता यादी लागते, पसंतीक्रम भरावे लागतात आणि मग फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरतात, उरलेल्या राज्याच्या यादीतून. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तर नीटनंतर आणखी एक पायरी आहे. तेथे निवडक उमेदवारांस बोलावून इंग्रजीची व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, प्रत्यक्ष मुलाखत आणि शारीरिक तपासणी होते. मुलाखतीचे बोलावणे आले एवढ्यावर गावभर वार्ता करू नये. तेथूनही बरीच मुले परत येतात, आणि ती काही कमी योग्यतेची असतात असे नव्हे.

प्रतीक्षेचे नाव निघाले की आम्हांस आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकेस पत्र धाडले ते १८८० साली. ते छापून आले, दूरच्या एका सहृदय बाईच्या वाचनात आले, आणि बोटीने जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांतून तीन वर्षे गेली. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. एका पत्राचे उत्तर येण्यास महिने लागत, त्या काळातील हे धैर्य आहे. आजच्या मुलांस त्यांची तुलना ऐकवून लाजविण्याचा आमचा हेतू नाही. आनंदीबाईंच्या प्रतीक्षेत ‘तुझा क्रमांक किती?’ असे दिवसातून दहा वेळा विचारणारे कोणी नव्हते, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे. विरोध करणारे मात्र होते, आणि पुष्कळ होते.

आता घरचे उदाहरण सांगतो. आमची नात २०२४ साली या परीक्षेस बसली. त्या वर्षीची हकिगत आपणांस आठवत असेल. निकाल ठरल्या दिवसाच्या आधीच, ४ जून रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी लागला. सदुसष्ट मुलांस पैकीच्या पैकी गुण मिळाले. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या. वाढीव गुण मिळालेल्या १५६३ मुलांचे ते गुण रद्द झाले आणि २३ जून रोजी त्यांची फेरपरीक्षा ठेवण्यात आली. सबंध परीक्षा रद्द होणार की राहणार, हे २३ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द न करण्याचा निर्णय देईपर्यंत कोणासच ठाऊक नव्हते. त्या सात आठवड्यांत पुस्तके बांधून ठेवावी की पुन्हा उघडावी, हे त्या मुलीस कळेना. ती रोज सकाळी पुस्तके उघडी आणि संध्याकाळी मिटी. जेवताना तिची नजर ताटात नसे. आम्ही तिला उपदेश केला नाही. शाळेत असताना पावसाळ्यात आम्ही मुलांकडून रोपे लाववीत असू, तसा घरामागील वाफा तिच्या स्वाधीन केला. मिरचीची रोपे तिने लावली. तेवढा तासभर तरी ती फोनपासून दूर राहू लागली.

फेऱ्या झाल्या. एम.बी.बी.एस.ची यादी तिच्या क्रमांकाच्या थोडी वर येऊन थांबली. त्या रात्री घरात चूल पेटली, परंतु कोणी जेवले नाही. त्याच सुमारास पशुवैद्यकीय पदवीच्या यादीत तिचे नाव आले होते; आपल्या राज्यात तो प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतो. तिने दोन दिवस विचार केला आणि जाण्याचे ठरविले. काही नातलगांनी ‘जनावरांची डॉक्टर’ म्हणून नाक मुरडले. गेल्या सुटीत तिने गावातील एका शेतकऱ्याच्या अडलेल्या गाईपाशी आपल्या वरिष्ठ डॉक्टरांस मदत केली. वासरू जिवंत निघाले. त्या शेतकऱ्याने आमच्या हातावर खरवसाची वाटी ठेवली तेव्हा ‘ही तुमची पहिली पसंती होती काय?’ असे काही त्याने विचारले नाही.

यशापयशाची ही कथा बाजूस ठेवून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यास जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. २००० सालच्या कायद्यान्वये ही पडताळणी होते. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली दप्तरातील उतारा. आम्ही शाळेची जुनी रजिस्टरे हाताळली आहेत. कोठे वाळवी लागलेली असते, कोठे नोंद मोडीत असते, कोठे जातीच्या रकान्यात नुसता धंदा लिहिलेला असतो. हे सर्व शोधण्यास महिने लागतात. यादीत नाव आल्यावर धावाधाव करून ते साधत नाही. मूल अकरावीत गेले की त्याच दिवाळीत हे काम हाती घ्यावे. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासही मुदत असते, ती पाहून ठेवावी.

दुसरी गोष्ट पसंतीक्रमाची. ‘मोठे कॉलेज वर लिहिले तर लहानही हातचे जाईल’ अशी भीती पुष्कळ पालकांस वाटते. ती निराधार आहे. गुणानुक्रमे एकेकाचा अर्ज पाहिला जातो आणि त्याने लिहिलेल्या क्रमातील जी पहिली जागा त्या क्षणी शिल्लक असेल ती त्यास मिळते. म्हणून मनात जो खरा क्रम असेल तोच लिहावा. मात्र ज्या महाविद्यालयाचे शुल्क आपणांस झेपणारे नाही, त्याचे नाव केवळ हौसेने लिहू नये. पुढील फेरीत वरची जागा मिळाली की आधीची जागा जाते, हेही नियमपत्रक वाचून समजून घ्यावे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात; गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तिसरी गोष्ट दलालांची. प्रतीक्षेच्या दिवसांतच त्यांचे फोन येतात. ‘जागा राखून ठेवली आहे, आज रात्रीपर्यंत आगाऊ रक्कम भरा’ असे सांगतात. नीटमध्ये पात्र ठरल्यावाचून देशात कोठेही एम.बी.बी.एस.ला प्रवेश नाही. परदेशी शिकून येथे व्यवसाय करावयाचा असेल तरी २०१८ पासून नीटची पात्रता आवश्यक झाली आहे, आणि परत आल्यावर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. घाबरलेला बाप शेत गहाण ठेवतो, आणि दलालाचा फोन दुसऱ्या दिवशी बंद असतो.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. वाट पाहून थकलेली मुले कधी कधी जिवाचे बरेवाईट करून घेतात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, बोलेनासे झाले, तर ‘नाटके करते’ असे म्हणू नये. जवळ बसावे. डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवरील कालनिर्णयाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. जागा पुढच्या वर्षी पुन्हा निघतात. मूल पुन्हा येत नाही.

आता आप्तेष्टांविषयी. आपल्या समाजात माया पुष्कळ आहे, आणि ती विचारपूस करून व्यक्त होते. लग्नात, बारशात, देवळात, जो तो त्या मुलास गाठून ‘लागला का नंबर?’ असे विचारतो. विचारणाऱ्याचे एकच वाक्य असते. परंतु ऐकणाऱ्यास ते त्या दिवशीचे विसावे असते. ज्यास बातमी सांगावीशी वाटेल तो आपण होऊन सांगेल. तोपर्यंत मुलास जेवावयास बोलवावे आणि पाऊसपाण्याचे बोलावे. मामा-मावश्यांनी एवढे पथ्य पाळले तरी घराघरातील निम्मा ताप उतरेल.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे मांडतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी दिवाळीच्या सुटीत कागदपत्र-शिबिर भरवावे. त्यासाठी आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांनी वेळ द्यावा, आमचा वेळ आम्ही आजच देऊ करतो. समाजातील जी मुले वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत त्यांनी पसंतीक्रम भरण्याच्या दिवसांत नवख्यांस मार्गदर्शन करावे. आणि तिसरी सूचना या व्यासपीठाविषयी. येथे डॉक्टर होऊ घातलेल्यांच्या गळ्यात हार पडतो, तो पडावाच. परंतु परिचारिका, औषधनिर्माण, भौतिकोपचार, आयुर्वेद, पशुवैद्यक यांकडे गेलेली मुले मागच्या रांगेत टाळ्या वाजवीत बसतात. रुग्णालय एकट्या डॉक्टरावर चालत नाही. पुढील वर्षी त्यांसही या मंचावर बोलवावे, आणि ज्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला परंतु ज्यांचा क्रमांक लागला नाही, त्यांच्या आईबापांस अध्यक्षांनी स्वतः भेटून धीर द्यावा.

 पुढील जूनमध्ये ज्या घरांत ही प्रतीक्षा येणार आहे, त्या सर्व मुलांस सुयश लाभो, आणि यश उशिरा आले तरी त्यांचे मन निरोगी राहो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.