अकालीं थांबणारा ऋतु

दरवर्षीं हंगाम सुरू झाला कीं वेळापूरच्या परिसरांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांत बीड जिल्ह्यांतील स्त्रियाही असतात. त्या जिल्ह्यांतील अनेक ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें ऐन तिशींत काढल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें, आणि चौकशीसाठीं शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ‘कटकट गेली’ असें पुष्कळांस वाटतें. परंतु गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशय काढले, कीं ऋतुनिवृत्ति तत्काळ ओढवते.

हा प्रसंग शस्त्रक्रियेवांचून सुशिक्षित घरांतही येतो. आपल्याकडे ऋतुनिवृत्ति सामान्यतः ४६ व्या वर्षाच्या सुमारास होते. ४० वर्षांपूर्वीं अंडाशय मंदावले तर तें अकालीं समजावें. कारण कधीं आनुवंशिक असतें, कधीं कर्करोगावरील उपचारांचें. बहुधा तें सांपडतच नाहीं. म्हणून लेकीसुनेस दोष देणें हा अन्याय होय.

अंडाशयांतून स्रवणारें इस्ट्रोजेन केवळ अपत्यप्राप्तीसाठीं नसतें. हाडें व हृदय यांचेंही तें रक्षण करितें. यास्तव तरुणपणीं चार महिने पाळी चुकली आणि गर्भ नसेल, तर संकोच सोडून रक्ततपासणी करावी. निदान ठरल्यावर, दुसरी हरकत नसल्यास, सुमारें पन्नाशीपर्यंत संप्रेरकें घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात. जोडीला दूध, नाचणी, कोवळें ऊन व नित्य चालणें असावें. कांहीं जणींस पुढें आपोआप गर्भही राहतो. दत्तकाचा मार्ग तर खुलाच आहे.

वेळापूरचें दैवत अर्धनारीनटेश्वर. त्या नांवांतच अर्धा वांटा स्त्रीचा आहे. तिच्या दुखण्यांत पतीनेंही तितकाच वांटा उचलावा, एवढेंच माझें मागणें.