चालण्याचा नेम चैत्रापासून

दिंडीला शंभर वर्षं झाली, त्यावर जाणती माणसं बोलली. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. आम्ही आपले पायांबद्दल बोलतो.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० कि.मी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान होतं. पुणं सोडलं की दिवे घाट, पुढं सासवड. एका दिवसात ३० कि.मी.च्या आसपास चाल, त्यात एकादशीचा उपास. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी घाट चढते, आणि अलीकडं आपली तरणी पोरं पायथ्यालाच सामानाच्या ट्रककडं बघायला लागलीत. उद्या वीणा गळ्यात कोण घेणार? ट्रकात बसून दिंडी चालत नाही, मायबाप.

पोरं म्हणतात, "बुवा, सराव सुरू करतो, पण चार दिवसांत कंटाळा येतो." खरंय. वारीत टाळ-मृदंग असतो, संगत असते, गावोगाव माणसं पाया पडतात. चैत्रात पहाटे रस्त्यावर आपण आणि गावची कुत्री. तिथं हुरूप कुठून आणायचा?

आम्ही सांगतो, हुरूपाची वाट बघूच नका. गाईची धार काढायला हुरूप लागतो का? वेळ झाली की उठायचं. चालण्याचंही तसंच. गुढीपाडव्याला नेम धरायचा. तिथून प्रस्थानापर्यंत पावणेतीन महिने मिळतात. पहिल्या आठवड्यात गावच्या वेशीपर्यंत जाऊन यायचं, एवढंच. मग दर आठवड्याला थोडं वाढवायचं. उन्हाळाभर दावणीला बसलेला बैल एकदम नांगराला जुंपला तर खांदा सुजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसाचं निराळं नाही.

काही जण म्हणतात, आम्ही शेतात चालतोच की. अहो, आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते! आणि मऊ रानात चालणं वेगळं, तापल्या डांबरावर चालणं वेगळं.

एकट्यानं नेम टिकत नसेल तर जोडीदार धरा. पहाटे दारावर कुणी हाक मारली की अंथरुणात पडून राहायची लाज वाटते. चालताना अभंग म्हणा. चरण म्हणताना धाप लागली तर चाल जास्त झाली, कमी करा. महिन्याच्या दोन्ही एकादशींना जरा लांबच्या देवळात पायी जा. उपाशी पोटी किती झेपतं ते आधीच कळतं. नवी चप्पल वारीत घालू नका, चैत्रातच घालून मऊ करा. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी निघा. चुकल्याचा हिशेब मांडत बसलं की नेम मोडतो. आणि दुखणं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका.

आम्ही साठी ओलांडली. गुडघा कुरकुरतो. पहाटे रोज मन म्हणतं, यंदा पुरे. आम्ही त्याच्याशी वाद घालत नाही. टाळ घेतो आणि उंबरा ओलांडतो. वेशीपर्यंत गेलो की मनही मागनं येतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी ही दिंडी पायांवर आपल्यापर्यंत आणली. पुढं न्यायची तर येत्या पाडव्याला दहा पोरांनी आमच्याबरोबर निघावं. पहाटे पाच वाजता, मारुतीच्या देवळापुढं. आम्ही थांबतो.

राम कृष्ण हरी.