निंदणाऱ्या बाईला विचारले का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. परंतु संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चोर बीटीवरून आपल्यात वाद झाला, आणि मी रागाने तिळगूळ न घेताच उठून गेले, ते मनातून जात नाही. नव्या बियाण्यावर सरकारने बंदी ठेवावी की उठवावी, एवढाच तो वाद. उठवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्या, ज्यांच्या घरी कापूस आहे. ठेवा म्हणणाऱ्या बहुतेक रोजाने निंदायला जाणाऱ्या. म्हणून आज त्यावरच बोलते.

बीटी कापूस आला तेव्हा माझे लग्न होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मातीतल्या एका जिवाणूचा गुण कपाशीत घातलेला. ती खाल्ली की बोंडअळी मरते. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने परवानगी दिली. पण त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत हजारो एकरांवर तसला कापूस विनापरवाना उभा असल्याचे आढळले होते. बी आधी शेतात आणि परवानगी मागाहून, ही रीत काही आजची नाही.

परवानगीबरोबर एक नियमही आला. पाकिटासोबत १२० ग्रॅमची निराळी पुडी असे, साध्या सरकीची. ती शेताच्या कडेने लावायची. आम्ही ती कधीच लावली नाही. "अळी पडणारं बी मुद्दाम कशाला लावायचं?" असे सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटले. साध्या कपाशीवर काही अळ्या जगू द्यायच्या. बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांशी त्यांची जोडी जमली म्हणजे पुढची पिल्ले पुन्हा बीटीने मरतात, असा त्यातला हिशेब होता. तो आम्हांला फार उशिरा कळला. २०१७ साली गुलाबी अळीने बोंडे आतून पोखरली. वेचायला हात घालावा तो किडकी कवडीच निघे. कारणे पुष्कळ होती, फरदड ठेवण्याची आपली हौसही त्यात आली. पण पुड्या फेकणाऱ्यांत आम्हीही होतो, हे मी आज सांगून टाकते.

आता चोर बीटी. या कपाशीवर ग्लायफोसेट फवारले तर भोवतालचे तण मरते, कपाशी मरत नाही. तिला आपल्या देशात परवानगी नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे, लोक बोलावून लावली. तेव्हाच्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होता, तरी लावली. दुसऱ्या देशांतला शेतकरी जे बी पेरतो ते आम्हांला का नको, हे त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पावसाची उघडीप चार दिवसांची. तेवढ्यात सगळ्या गावाला बाया हव्या असतात, आणि कंबर मोडते ती घरच्या बाईची.

दोन वर्षांपूर्वी आमच्याही घरी ते बी आले. पावती नाही, पाकिटावर नाव नाही. निम्मे उगवलेच नाही. तक्रार कोणाकडे करणार? घेणाराच गुन्हेगार! उगवले त्यावर मुलाने जपून फवारले, तरी कपाशीतल्या तुरीच्या ओळी जळाल्या. घोळ-तांदुळजा तर दिसेनासा झाला. त्या वर्षी डाळ विकत आणली.

आणि दरसाल आमच्याकडे निंदायला येणारी, याच मंडळातली एक भगिनी दारात येऊन म्हणाली, "वहिनी, औंदा बोलावलं नाही?" फवारणी केली, असे मी सांगितले. ती पाणी पिऊन गेली. तिच्या मुलींच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच दिवसांच्या मजुरीवर चालतो, हे मला ठाऊक होते.

सरकारला लोकांचे मत घेता येत नाही असे नाही. २०१० साली बीटी वांग्याच्या वेळी मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सभा घेतल्या, त्यांतली एक नागपुरास झाली. आणि ९ फेब्रुवारीला वांगे थांबवले. शेजारच्या बांगलादेशाने तेच वांगे २०१३ मध्ये मंजूर केले. कोण बरोबर, ते मोठ्यांनी ठरवावे. पण रोज बुडवून नागपूरला कोणती निंदणारी बाई जाणार?

बंदी कागदावर आणि बी बाजारात, यात ना माझे भले, ना तिचे. आपल्या परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. चाचणी करायची तर तिथे उघड करावी, बांधावर बायांनाही उभे करून दाखवावी. मंजूर केलेच तर बी पावतीने मिळावे, आणि जिची मजुरी बुडेल तिचा हिशेब त्याच फायलीत असावा. नामंजूर करायचे तर विकणाऱ्याला धरावे.

मंडळातर्फे असा अर्ज मी लिहून आणला आहे. आपले एकमत नाही, म्हणून त्यात दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. सभा संपल्यावर सह्या घ्यायच्या आहेत. माझ्या दारातून पाणी पिऊन गेलेली ती भगिनी तिसऱ्या रांगेत बसली आहे. पहिली सही तिने करावी, अशी माझी विनंती आहे.