काठावरचं रोप कुणाचं?

समोर शेतकरी आहेत आणि प्राध्यापकही, तेव्हा नमुना म्हणजे काय याची उजळणी सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की रोपसंख्येचा अंदाज चुकतो तो सूत्रात नव्हे, चौकटीच्या काठावर. (हशा) हसा खुशाल, पण हिशोब ऐका. सोयाबीन 45 बाय 5 सेंटिमीटरवर असेल तर हेक्टरी सुमारे 4 लाख 44 हजार रोपं. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट ओळींना समांतर टाकली की तिच्यात कधी दोन ओळी येतात, कधी तीन. म्हणजे 40 रोपं किंवा 60. शेत तेच, उत्तर हेक्टरी 4 लाख किंवा 6 लाख! चौकट खरोखर कुठेही पडली तर शंभरात साधारण 22 वेळा तीन ओळी येतात आणि सरासरी बरोबर जुळते. पण काठाला टेकलेली ओळ दिसली की मोजणाऱ्याचा हात तिला आत ओढतो. त्यात लबाडी नसते. उभं रोप टाकून द्यायला जीव होत नाही, इतकंच.

हाच वाद 1940 च्या दशकात मोठ्या माणसांत झाला. बंगालमध्ये तागाची नमुना पाहणी उभी करणारे महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे; आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे मोठ्या तुकड्यांचे. तुकडा लहान होत जाईल तसं पिकाचं उत्पन्न फुगून दिसतं, हे सुखात्म्यांनी कापणीच्या प्रयोगांतून दाखवलं आणि 1946 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. कारण उघड आहे. एक चौरस मीटरच्या चौकटीला चार मीटर काठ. 10 बाय 5 मीटरच्या तुकड्यात चौरस मीटरमागे काठ येतो 60 सेंटिमीटर. मागच्या रांगेतून मान हलतेय. महालनोबिसांवर अन्याय करतोय असं वाटत असेल, तर नाही. तेवढ्याच खर्चात पुष्कळ ठिकाणं पाहता येतात हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र जागा वाढवल्याने योगायोगाची चूक विरते. एकाच बाजूला झुकलेली चूक हजार चौकटींनंतरही तेवढीच राहते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. उपग्रहाचं राहू द्या. त्याचा अंदाजही जमिनीवरच्या मोजणीशीच ताडून पाहावा लागतो. मग उपाय? दोन बाजूंवरची रोपं धरायची, दोन बाजूंवरची सोडायची, हा नियम चांगला आहे. उन्हात पाळला जाईल याची हमी मी देत नाही. (हशा) त्यापेक्षा ओळीत पेरलेल्या पिकात चौकटच नको. 45 सेंटिमीटरच्या ओळीत 22.2 मीटर दोरी धरा. ते क्षेत्र हेक्टरचा हजारावा भाग. रोपं मोजा, पुढे तीन शून्यं लावा. काठ उरतो तो दोन टोकांचा: सुरुवातीच्या गाठीवरचं रोप धरा, शेवटच्या गाठीवरचं सोडा. दोरी कुठे धरायची ते बांधावरच चिठ्ठ्या टाकून ठरवा, दाट पीक पाहून नको. आणि तिफणीच्या अंतरावर विसंबू नका. आधी सलग दहा अंतरं टेपने मोजून दहाने भागा. 45 ऐवजी 42 निघालं, तर दोरी 23.8 मीटरची लागेल.