चलनाचा भाव विचारावा कसा?

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत; एकाचे मोल दुसऱ्यात करावयाचे तर सराफ बट्टा सांगे. आज ते काम कृत्रिम बुद्धीचा कारकून करू लागला आहे. कवठे महांकाळचा बेदाणा परदेशी धाडणाऱ्या व्यापाऱ्याने डॉलरचा भाव विचारला, आणि कारकुनाने तो स्मरणातून सांगितला, तर घात! ६ जून १९६६ रोजी ४.७६ रुपयांचा डॉलर एकाएकी ७.५० झाला होता. म्हणून त्याच्या हाती भाव पाहण्याचे साधन देतात. परंतु त्या साधनाची माहितीपत्रिकाच मोघम असली तर? नुसता ‘डॉलर’ म्हणजे अमेरिकेचा की सिंगापूरचा? तीत चलनाची तीन अक्षरी संज्ञा, भावाची तारीख व तो ठरविणारी संस्था स्पष्ट हवी. सुटीच्या दिवशी भाव नसेल तर ‘मिळाला नाही’ असेच उत्तर यावे. शून्य मुळीच नव्हे.