घोडे वाढविण्यापूर्वी



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि इतिहासावर बोलले जाते, तेथे मोटारीच्या इंजिनावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा ‘हौशी शर्यतीच्या मोटारीची शक्ती कशी वाढवावी’ असे मी कळविले होते. त्यांनी त्यापुढे ‘की वाढवू नये’ असे शब्द हळूच जोडले. ती दुरुस्ती मी आनंदाने मान्य केली आहे.

मी लोहगडवाडीचा. आमची वाडी लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या खिंडीपाशी. मळवलीहून भाज्यावरून चढ चढून पाहुण्याची जुनी मोटार आली, की आम्हांला आधी तिच्या रेडिएटरची वाफ दिसते आणि मग पाहुणा. त्यामुळे इंजिनाला दम किती आहे, ही चर्चा आमच्याकडे पुस्तकावाचून होते.

माझा पुतण्या चाकणला कारखान्यात नोकरीला आहे. त्याने एक जुनी मारुती एस्टीम घेतली. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची, म्हणून.  कोल्हापुरास मोहित्यांचा आहे, पण तो कार्टिंगचा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या आहेत. मोटारींसाठी वळणावळणाचे ट्रॅक कोइमतूरला आणि चेन्नईजवळ आहेत. तरीही या पोराने एका रविवारी वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, “काका, दीडशे घोडे हवेत.”

“कशाला रे?”

“मागे पडायला नको.”

वहीत टर्बो होता, नवा कॅमशाफ्ट होता, मोठा सायलेन्सर होता. शेवटी बेरीज होती, आणि बेरजेखाली लहान अक्षरांत लिहिले होते: ‘आईची ठेव’. माझी वहिनी वीस वर्षे दूध घालून ती ठेव जमवीत आली आहे. आज मी जे बोलणार आहे ते त्या रविवारी त्या वहीच्या कोऱ्या पानांवर केलेले गणित आहे.

या गाडीचे इंजिन १२९८ घन सेंटिमीटरचे. सोळा व्हॉल्व्हचे, पेट्रोल फवारणारे जे इंजिन पुढे आले त्याची शक्ती ८५ अश्वशक्ती, ती मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. आता शक्ती म्हणजे काय? टॉर्क गुणिले फेरे. म्हणजे शक्ती वाढवावयास दोनच वाटा उरतात: प्रत्येक फेऱ्याला इंजिन अधिक जोराने पिळावे, नाही तर त्याला मिनिटात अधिक फेरे घ्यावयास लावावे.

फेऱ्यांची वाट पोरांना फार आवडते, कारण आवाज छान येतो. टॉर्क तेवढाच टिकवून ६००० चे ७००० केले, तर ८५ चे ९९ होतात. वहीत हे सुरेख दिसते. परंतु पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. त्याला थांबविणारे आणि पुन्हा ओढणारे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे शेकडा सतरा वाढले की कनेक्टिंग रॉडवरचा तो ताण शेकडा छत्तीस वाढतो. पन्नास पैशांच्या बोल्टाने सबंध इंजिनाचे भवितव्य ठरते ते इथे. शिवाय टॉर्क तेवढाच टिकेल हे गृहीतच मुळी खोटे आहे. जादा फेऱ्यांवर सिलिंडरला श्वास घ्यावयास वेळ पुरत नाही, म्हणून कॅमशाफ्ट बदलावा लागतो. आणि तो बदलला की कमी फेऱ्यांवरची गाडी मरगळते. आमच्या वाडीचा चढ तिला मग पहिल्या गिअरमध्येच चढावा लागेल.

दुसरी वाट जोराने पिळण्याची. यात कॉम्प्रेशन वाढविणे हा मेस्त्री लोकांचा जुना उपाय; हेड घासून घ्यायचे. मूळचे कॉम्प्रेशन साडेनऊ. ते साडेदहा केले, तर पुस्तकी हिशेबाने लाभ शेकडा तीनाच्याही आत. अडीच घोडे म्हणा. आणि त्या अडीच घोड्यांपायी इंजिन नॉक करू लागले, म्हणजे पेट्रोल ठिणगीच्या पुढ्यात शिस्तीने जळत न जाता उरलेले एकदम भडकू लागले, तर पिस्टनला भोक पडावयास एक दुपार पुरते.

राहिला टर्बो. तो मात्र खरोखर देतो. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबावयाची; वातावरणाच्या निम्म्याइतका दाब वर चढविला तर शक्ती तिपटीच्या नव्हे पण दीडपटीच्या जवळ जाऊ शकते. मात्र कोंबलेली हवा तापते, म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर. नॉकिंग होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन कमी. जास्त पेट्रोल घालणारे इंजेक्टर आणि त्यांना नवे गणित शिकविणे. वाढलेली उष्णता नेणारा मोठा रेडिएटर. मग क्लच घसरतो, मग गिअरबॉक्स कुरकुरते. टर्बो एकटा कधीच येत नाही. लग्नात नवरदेवाबरोबर वऱ्हाड येते, आणि जेवणाचा खर्च वऱ्हाडाचा असतो.

एक गंमत सांगतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. इथली हवा खालच्या हवेपेक्षा शेकडा सहा-एक विरळ आहे. म्हणजे टर्बो नसलेली आपली ८५ घोड्यांची गाडी खोपोलीहून घाट चढून आली की पाच घोडे वाटेत सांडून येते. हेड घासून मिळणाऱ्या घोड्यांच्या दुप्पट घोडे खोपोलीला नुसते उतरून परत मिळतात!

आता वहीत जे नव्हतेच त्याकडे वळतो. गाडी आणि चालक मिळून वजन ९५० किलो धरा. त्यातून ९५ किलो काढले तर वेग घेण्याच्या दृष्टीने शेकडा अकरा शक्ती वाढविल्यासारखे होते. नऊ घोड्यांहून अधिक. मागची बाके, गालिचे, जादा चाक, वातानुकूलनाचे सामान, हे सारे पाना घेऊन रविवारी काढता येते. आणि घोडे वाढविले तर फक्त सरळ रस्त्यावर फायदा. वजन कमी केले तर वळणावर, ब्रेकवर, टायरवरही फायदा. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी हे ओळखले होते. मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे चिमुकले इंजिन घेऊन त्यांनी हलकी, एकआसनी शर्यतीची गाडी बनविली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. त्या गाडीवर हात बसलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. करिवर्धन १९९५ साली गेले. २००३ पासून कोइमतूरच्या ट्रॅकला त्यांचे नाव आहे.

आणि ब्रेक. येथे मला स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचे इंजिन हौसेने नवे बनवून घेतले. चढ ती अशी चढली की गावात सांगत फिरलो. पावसाळ्याच्या अखेरीस हाच पुतण्या शेजारी बसलेला असताना वाडीवरून भाज्याकडे उतरत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेकचा पाय जमिनीला टेकला. दुसरा गिअर, पहिला गिअर, हँडब्रेक, आणि शेवटी डावी बाजू दरडीला घासून गाडी थांबली. पोराच्या कपाळाला टेंगूळ आले, एवढ्यावर निभावले. दोष कोणाचा? माझाच. ब्रेक ऑइल चार वर्षे बदलले नव्हते. ते हवेतले पाणी पिते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. साधे डॉट ३ ऑइल नवे असताना २०५ अंशांच्या पुढे उकळते. पाणी प्यालेले १४० च्या आसपासच उकळू शकते. उकळले की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, चाक नाही.

हिशेब करून पाहिला तेव्हा मी चरकलो. ९५० किलोची गाडी ताशी १२० च्या वेगातून एकदा उभी करावयाची तर ब्रेकना सुमारे ५३० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. आणि तीच गाडी शंभर मीटर खाली उतरवायची तर ९३० किलोज्यूल! इंजिनाने रोखून धरले तेवढेच त्यातून वजा. ट्रॅकवर तर प्रत्येक फेरीत असे अनेकदा. वेग १०० चा ११० झाला की ही उष्णता शेकडा २१ वाढते.

आपल्या बोरघाटात १८६३ पासून रेल्वे आहे. चढ ३७ फुटांना एक फूट. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे, मुले टाळ्या पिटतात. पण त्याच घाटात उतरणाऱ्या गाड्या वाटेत उभ्या करून ब्रेक तपासण्याची रीत पडली, आणि निसटलेली गाडी चढावर वळवून थोपविण्यासाठी वेगळे रूळ टाकावे लागले, तिकडे कोणी टाळ्या पिटीत नाही.

कायद्याचेही एक वाक्य सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम रस्त्यावरच्या गाडीत मनास येईल तसे फेरफार करू देत नाही. म्हणजे अशी गाडी ट्रॅकवर न्यायची ती दुसऱ्या वाहनावर लादून, आणि कोइमतूर इथून हजार किलोमीटरांहून लांब. वहीत हे भाडेही नव्हते.

तर त्या रविवारी आम्ही वहीचे पान उलटे लिहिले. पहिल्या वर्षी एकही घोडा नाही. चारी सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावयाचे. जुन्या इंजिनाचे हरवलेले घोडे आधी सापडतात का ते पाहावयाचे. ब्रेकचे पॅड, नळ्या, डॉट ४ ऑइल. चांगले टायर. लांब वळणावर इंजिनातले तेल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडू नये म्हणून तेलाच्या टाकीत आडवे पत्रे. मजबूत आसन, पट्टे आणि पोलादी पिंजरा. काढलेल्या वजनातले थोडे हा पिंजरा परत घेतो, ते घेऊ द्यावे. दुसऱ्या वर्षी हवा आत येण्याचा आणि धूर बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा करावयाचा, आणि त्यानंतरच इंजिनाचे गणित नव्याने बसवावयाचे. टर्बोच्या नावापुढे पुतण्याने प्रश्नचिन्ह काढले. मी खोडा म्हटले नाही. वय तेवढे असते.

एस्टीम सध्या आमच्या अंगणात चार ठोकळ्यांवर उभी आहे. कॉम्प्रेशन मोजले, तर तिसरे सिलिंडर इतरांहून बरेच दुबळे निघाले. व्हॉल्व्ह जळालेला होता. तो बदलला. वहिनीने काढलेले मागचे बाक ओसरीवर मांडून घेतले आहे. संध्याकाळी दुधाचा हिशेब ती त्यावर बसूनच करते.